आधी राजूरची एसटी, मग फिग्मा

फायनल इयरच्या प्रोजेक्टचे ग्रुप पडले की पुढच्या अर्ध्या तासात काय होतं, ते तुम्हाला चांगलं माहीत आहे. एक जण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढतो, दुसरा त्याला भारी नाव देतो आणि तिसऱ्याने तोपर्यंत फिग्मा उघडून लॉगिनचा स्क्रीनही काढलेला असतो. विषय शेतीचा असेल तर हिरवा रंग आलाच, कोपऱ्यात ओंबीचा लोगो आणि वर 'शेतकरी मित्र' टाइप नाव. शेतकरी कोण, कुठला, त्याचं नेमकं अडतंय कुठे, हे कोणी विचारलेलं नसतं. ते रिपोर्टमध्ये 'प्रॉब्लेम स्टेटमेंट' या मथळ्याखाली सबमिशनच्या आदल्या रात्री लिहायचं असतं.

यूजर एक्स्पीरियन्स, म्हणजे यूएक्स डिझाइनमध्ये या राहून गेलेल्या कामाला नाव आहे, डिस्कव्हरी. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने २००४-०५ च्या सुमाराला 'डबल डायमंड' नावाची एक आकृती मांडली. तुमच्यापैकी अनेकांनी ती स्लाइडवर पाहिली असेल. शेजारी शेजारी ठेवलेले दोन शंकरपाळे. पहिला प्रश्न शोधण्याचा, दुसरा उत्तर शोधण्याचा. आपण बहुतेक सगळे थेट दुसऱ्या शंकरपाळ्यात उडी मारतो, कारण तिथे रंग असतात, अ‍ॅनिमेशन असतं, सरांना दाखवायला काहीतरी असतं. पहिल्याच्या सुरुवातीला फक्त प्रश्न असतात आणि प्रश्नांचा स्क्रीनशॉट इन्स्टावर टाकता येत नाही.

मुलाखती कशा घ्यायच्या, पर्सोना कसे बनवायचे यावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. पण घराबाहेर पाय टाकण्याआधी काय ठरवायचं, यावर फारसं कोणी बोलत नाही. म्हणून आज फक्त तेवढंच. आणि हवेत बोलण्यापेक्षा एक खरं काम समोर ठेवू.

ई-पीक पाहणी हे अ‍ॅप राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालं. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाची ते असतं, बारामध्ये त्या जमिनीत काय पिकतं ते. हा बारा नंबर आधी तलाठी भरायचे. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून आपलं पीक नोंदवायचं असतं. ही नोंद राहिली तर पीकविमा, नुकसानभरपाई, आधारभूत किमतीने सरकारी केंद्रावर धान्य घालणं, सगळीकडे अडचण येते. म्हणजे इथे वैतागलेला यूजर अ‍ॅप अनइन्स्टॉल करून सुटत नाही. त्याचा भात व्यापारी म्हणेल त्या भावाला जाऊ शकतो.

जागा घेऊ राजूर. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं बाजाराचं गाव. आसपासच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांना बाजार, कॉलेज, दवाखाना यासाठी इथेच यावं लागतं. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही इथेच आहे. पश्चिमेला कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाच्या रांगा. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. खाली खाचरांमध्ये भात, वर उतारावर नागली आणि वरई. आता समजा, तुम्ही चौघं आहात, हातात तीन आठवडे आहेत आणि गाइडने एका ओळीचं ब्रीफ दिलंय, 'राजूर परिसरातल्या शेतकऱ्यांसाठी ई-पीक पाहणी अ‍ॅप रीडिझाइन करा.'

पहिलं काम म्हणजे या ओळीवर संशय घ्यायचा. 'अ‍ॅप रीडिझाइन करा' हे उत्तर आहे, प्रश्न नाही. कोणीतरी आधीच ठरवून टाकलंय की अडचण अ‍ॅपच्या स्क्रीनमध्ये आहे. ती तिथे असेलही. पण ती फोनच्या रेंजमध्ये असू शकते, सामाईक खात्याच्या भांडणात असू शकते किंवा घरातला एकुलता एक स्मार्टफोन नोंदीच्या दिवसांत मुलाबरोबर दुसऱ्या गावी गेलाय, यातही असू शकते. म्हणून ब्रीफ पुन्हा लिहा: 'राजूर परिसरातल्या शेतकऱ्याच्या पिकाची नोंद वेळेत आणि बरोबर व्हायला काय आड येतं?' गाइडला हे पटवायला दहा मिनिटं जातील. ती घालवा. नंतर तीन आठवडे वाचतात.

लोट्यापासून सुरुवात

इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. भारतात डिझाइनचं शिक्षण कसं असावं, हा विषय. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी उभी राहिली. या अहवालात भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये त्यांनी सर्वांत जास्त कौतुक कशाचं केलं असेल? आपल्या साध्या लोट्याचं. आणि गंमत अशी, की त्याच्या सौंदर्यावर पानं भरण्याऐवजी त्यांनी प्रश्नांची यादी दिली. आज लोटा नव्याने करायचा झाला तर काय काय विचारावं लागेल? पाणी किती आणायचं? उचलणारा हात केवढा, बाईचा की पुरुषाचा? डोक्यावर न्यायचा, कमरेवर की हातात? भरलेला असताना तोल कसा राहतो आणि रिकामा असताना कसा? ओतताना धार कशी पडते, घासायला हात आत जातो का, आपटला तर आवाज कसा येतो, किंमत किती, मोडला तर त्या धातूचं पुढे काय होतं?

डिस्कव्हरीचं प्लॅनिंग म्हणजे बहुतांशी हेच. ही यादी तुम्हाला तुमच्या विषयासाठी करायची आहे. फरक इतकाच की लोटा हातात धरून बघता येतो. 'पिकाची नोंद' ही गोष्ट माणसं, कागद, जमीन, फोन आणि पाऊस यांच्यात पसरलेली असते.

एक मोठा कागद भिंतीवर लावा. तीन रकाने पाडा: 'माहीत आहे', 'वाटतंय' आणि 'माहीत नाही'. चौघांनी बोलायचं नाही, फक्त चिठ्ठ्या लिहून चिकटवायच्या. पंधरा मिनिटांनी बघा, पहिला रकाना गच्च भरलेला असेल. मग प्रत्येक चिठ्ठीवर एकच प्रश्न विचारा, 'हे तुला कसं माहीत?' 'शेतकऱ्यांना इंग्रजी जमत नाही म्हणून अ‍ॅप वापरत नाहीत.' कसं माहीत? अ‍ॅप तर मराठीत आहे. 'तिथे नेटवर्क नाही.' कुठे नाही? राजूरच्या बाजारपेठेत, की घाटघरच्या खाचरात? 'ऑफलाइन मोड द्यायला हवा.' शेतात नोंद करून ठेवायची आणि नेटवर्कमध्ये आल्यावर अपलोड करायची सोय अ‍ॅपमध्ये आहे. ती माणसांना सापडते का, हा खरा प्रश्न. अर्ध्या तासात पहिल्या रकान्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या दुसऱ्या रकान्यात सरकतात. ग्रुपमधल्या एखाद्याला याचा राग येतो. येऊ द्या.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातली प्रत्येक चिठ्ठी घ्या आणि विचारा, याचं उत्तर एका बाजूने आलं तर आपण काय करू आणि दुसऱ्या बाजूने आलं तर काय करू? दोन्ही वेळी तेच करणार असाल तर तो प्रश्न सोडून द्या, कितीही इंटरेस्टिंग असला तरी. 'तुमचं वय काय, शिक्षण किती, फोन कोणत्या कंपनीचा' हे सर्व्हेतले लाडके प्रश्न इथे बरेचदा गळतात. उलट 'नोंद प्रत्यक्षात कोणाच्या हाताने होते?' हा प्रश्न सगळं फिरवू शकतो. शेतकरी स्वतः करत असेल तर त्याच्यासाठी डिझाइन करायचं. शेजारचा बारावीतला मुलगा वाडीतल्या पंधरा जणांचं करून देत असेल तर तुमचा यूजर तोच आणि त्याच्या गरजा वेगळ्या. त्याला पंधरा खाती एका जागी दिसायला हवीत, कोणाचं राहिलंय ते कळायला हवं. या अ‍ॅपमध्ये एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. पुढे तर राहिलेल्या नोंदींसाठी गावपातळीवर सहायकही नेमले गेले. 'शेतकरी स्वतः' या कल्पनेला गावात मदतनीसाचा हात लागतोच, असा याचा अर्थ मी लावतो. तुम्ही लावायचा की नाही, ते बघून ठरवा.

अशा छाननीतून पाच-सहा प्रश्न उरतात. जास्त उरले तर छाननी नीट झालेली नाही. हे प्रश्न म्हणजे तुमचा प्लॅन. बाकीचं सगळं, म्हणजे कोणाला भेटायचं, कधी, कसं, हे त्यांच्यातून निघतं.

बसल्या जागचं काम

पहिला आठवडा कुठेही न जाता वाचनात घालवायचा. कंटाळवाणं वाटेल, पण गावात जाऊन 'सातबारा म्हणजे काय हो?' असं विचारलंत तर समोरचा माणूस सौजन्याने समजावून सांगेल आणि त्याचा अर्धा तास आणि तुमची अर्धी पत त्यात जाईल.

गूगलवर 'राजूर' टाकलंत तर आधी जालना जिल्ह्यातलं गणपतीचं राजूर समोर येईल, मग यवतमाळमधलं. आपलं राजूर अकोले तालुक्यातलं. आणि हे अकोले म्हणजे विदर्भातलं अकोला नव्हे. हसू नका, चुकीच्या अकोल्याचं पर्जन्यमान स्लाइडवर आलं तर हसायची पाळी बाकीच्या वर्गाची असेल.

मग अ‍ॅप स्वतः डाउनलोड करा. घरात कोणाची शेती असेल तर त्यांच्या परवानगीने, त्यांच्या शेजारी बसून, एक नोंद पूर्ण होईपर्यंत बघा. प्ले स्टोअरवरचे रिव्ह्यू वाचा, विशेषतः एक आणि दोन स्टारवाले. तक्रारींमध्ये लोक आपल्या शब्दांत बोलतात. ते शब्द टिपून ठेवा, पुढे कामाला येतात. आधी काय काय बदललंय तेही शोधा. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतः केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करायची सोय आली आणि मिश्र पिकासाठी एक मुख्य पीक व तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली. या दोन ओळी साध्या वाटतात, पण त्यांच्या मागे कोणाचं तरी काहीतरी अडलेलं असणार. अशी प्रत्येक सुधारणा म्हणजे आधीच्या कोणीतरी केलेल्या डिस्कव्हरीचा माग असतो.

आणि तिथे आधीपासून कोण काम करतंय? अकोले-संगमनेरच्या डोंगरपट्ट्यात वॉटर या संस्थेने पाणलोट आणि शेतीसाठी हवामान-सल्ल्याचं काम केलंय. बायफ ही संस्था देशी बियाण्यांवर काम करते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांची बियाणे बँक याच तालुक्यातली. अशा संस्थांच्या कार्यकर्त्यांशी एक तास फोनवर बोललात तरी तुमच्या 'माहीत नाही' रकान्यातल्या कितीतरी चिठ्ठ्या निकालात निघतील. त्यांना विचारायचा सगळ्यात चांगला प्रश्न, 'आमच्यासारखी पोरं येतात तेव्हा त्यांचं काय चुकतं?'

कधी जायचं

या भागावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण प्लॅनमध्ये इथेच सगळ्यात मोठी माती होते. कॉलेजचं कॅलेंडर आणि शेतीचं कॅलेंडर यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही.

खरिपाची नोंद साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते. तेव्हा राजूरच्या पश्चिमेला पाऊस असा असतो की दुपारी दोनला संध्याकाळ वाटावी. आकाश झाकलेलं, डोंगराची आड, हातात छत्री, पायाखाली चिखल आणि त्यात फोन खिशातून काढून फोटो घ्यायचा, तोही शेतात उभं राहून, कारण त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोटोबरोबर जातात. ओल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही. हे सगळं तुमच्या डिझाइनच्या प्रश्नाचा गाभा असू शकतं. आणि तुम्ही फील्ड व्हिजिट ठेवता कधी? परीक्षा झाल्यावर, डिसेंबरात. तेव्हा खाचरं रिकामी, ऊन कोवळं, रेंजही त्या मानाने बरी. मामा म्हणतात, 'काय अडचण नाय, होतं की.' तुम्ही लिहून घेता, अडचण नाही.

ऑगस्टमध्ये जाता येत असेल तर ऑगस्टमध्येच जा, भिजा. त्याआधी जुलैत जाऊ नका. तेव्हा आवणी चालू असते, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, आणि घरातलं प्रत्येक माणूस वाकून चिखलात असतं. तेव्हा मुलाखत मागणं म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये येऊन तुम्हाला कोणी फीडबॅक फॉर्म देण्यासारखं. जायचंच असेल तर रोपं काढायला हात लावायच्या तयारीने जा. तेव्हाच्या गप्पा कोणत्याही मुलाखतीपेक्षा भारी होतात, फक्त वही कोरडी राहत नाही.

डिसेंबरच वाट्याला आला असेल तर प्लॅन बदला. 'बघणं' होणार नाही, 'ऐकणं' होईल हे मान्य करा आणि प्रश्न तसे घडवा. डिसेंबरच्या सुमाराला राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. डांगी ही इथल्या पावसात तग धरणारी देशी गुरांची जात. दूरदूरच्या गावांतले शेतकरी बैल घेऊन येतात. एका दिवसात वेगवेगळ्या गावांतल्या माणसांशी बोलायची अशी संधी परत नाही. पण बैलाच्या दातांची चर्चा चालली असताना मध्येच अ‍ॅप काढू नका. आधी बैलाबद्दल विचारा.

कापणीनंतर आणखी एक गोष्ट होते. काही घरांतली माणसं मजुरीला नारायणगाव, आळेफाट्याकडे जातात. मग वाडीत कोण उरतं? म्हातारी माणसं, लहान पोरं. स्मार्टफोन कोणाबरोबर गेला? 'यूजरकडे स्मार्टफोन आहे' या वाक्यात 'आज, इथे' हे दोन शब्द राहून गेलेत.

कोणाला भेटायचं

कॉलेज प्रोजेक्टमध्ये हमखास भेटणारी माणसं म्हणजे सरपंच, एखादे प्रगतिशील शेतकरी आणि सरपंचांनी बोलावलेले आणखी तिघं. ही माणसं वाईट नाहीत, ती बोलायला तयार असतात म्हणून भेटतात. पण त्यांचं काम कुठे अडत नाही. ज्याचं अडतं तो ओट्यावर येऊन बसत नाही. म्हणून नावांची यादी करू नका, प्रकारांची करा. नोंद स्वतः करणारा. दुसऱ्याकडून करून घेणारा. दुसऱ्यांची करून देणारा. नोंद राहून गेलेला. ज्याच्या सातबारावर पाच भावांची नावं आहेत आणि तो एकटाच कसतो असा. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, पण खाचरात रोज उभी राहणारी ती बाई. वनहक्काची जमीन कसणारा, ज्याचे कागद इतरांपेक्षा वेगळे. आणि टेबलापलीकडची माणसंसुद्धा. तलाठी, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी, ज्यांच्या अंगावर राहिलेल्या नोंदी शेवटी येतात. राजूरच्या पेठेत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारा, ज्याच्यापुढे माणसं फोन ठेवतात आणि म्हणतात, 'एवढं बघ रे बाबा.' मला विचाराल तर पहिली मुलाखत याचीच घ्या. कुठल्या पायरीवर माणसं अडकतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

किती जणांना भेटायचं? इथे 'पाच पुरे' असं तुमच्यातला कोणीतरी म्हणेल. जेकब नील्सन यांचा तो प्रसिद्ध लेख २००० सालचा आहे आणि तो तयार डिझाइन तपासण्याबद्दल आहे. तुमच्याकडे अजून डिझाइनच नाही. मुलाखतींबद्दल २००६ चा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासताना असं दिसलं की बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच येऊन गेले होते. पण तिथल्या स्त्रिया बऱ्याच बाबतींत एकमेकींसारख्या होत्या. तुमच्या यादीत सात-आठ प्रकार आहेत. प्रत्येकातले दोन धरले तर पंधरा-सोळा झाले. चौघांना तीन आठवड्यांत तेवढे नीट झेपतात. दिवसाला दोनपेक्षा जास्त ठेवू नका. राजूरहून पुढे वाडीत जाणाऱ्या एसटीच्या वेळा तुमच्या एक्सेल शीटला विचारून ठरलेल्या नसतात.

राजूरच्या कॉलेजात शिकणारी, त्याच वाड्यांमधली तुमच्या वयाची पोरंपोरी सोबत घेता आली तर सगळंच बदलतं. फक्त त्यांना 'लोकल गाइड' म्हणून नेऊ नका, टीममध्ये घ्या आणि रिपोर्टवर नाव टाका. 'पोटखराबा' म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, हे तुम्हाला शब्दकोशात मिळेल. पण नागलीची नोंद करताना आजी तो तुकडा का धरते, हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार नाही.

काय विचारायचं, काय नाही

'असं अ‍ॅप केलं तर तुम्ही वापराल का?' हा प्रश्न वहीतून खोडून टाका. लांबून आलेल्या, शिकणाऱ्या, चहा घेतलेल्या पोराला 'नाही' कोण म्हणेल? 'हो हो, चांगलं आहे, करा' हेच उत्तर येणार, आणि ते तुमच्या पीपीटीत 'यूजर व्हॅलिडेशन' म्हणून झळकणार. रॉब फिट्झपॅट्रिक यांचं 'द मॉम टेस्ट' हे २०१३ चं छोटं पुस्तक अख्खं याच दुखण्यावर आहे. भविष्याबद्दल विचारू नका, घडलेल्याबद्दल विचारा. 'गेल्या खरिपात नोंद कशी केली, अगदी पहिल्यापासून सांगा बरं, मावशी.' मग गप्प बसा. गप्प बसणं प्लॅनमध्ये लिहून ठेवा, खरंच. प्रश्न एकाने विचारायचे, दुसऱ्याने लिहायचं. चौघं एकदम ओट्यावर बसलात तर ती मुलाखत राहत नाही, चौकशी होते.

आणि 'दाखवाल का?' हा शब्द जपून ठेवा. फोन कुठे ठेवता, दाखवाल का? कुठल्या कोपऱ्यात रेंज येते, दाखवाल का? एखादा माणूस बांधावरून चालत जाऊन एका दगडावर उभा राहतो आणि म्हणतो, 'हितं येती.' तो दगड कोणत्याही सर्व्हेत सापडणार नाही.

माणसं एखादी गोष्ट मनात कशी लावून ठेवतात, याचाही शोध इथेच लागतो. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला 'स्वरचक्र' कीबोर्ड २०१३ साली आला. त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं. आपण शाळेत क, का, कि, की म्हणत ज्या क्रमाने शिकलो, त्याच क्रमावर तो उभा आहे. इंग्रजी टाइपरायटरची मांडणी माणसांना नव्याने शिकवण्यापेक्षा त्यांना आधीच येतं ते वापरलं. मग तुमच्या विषयात माणसांना आधीच काय येतं? गट नंबर पाठ आहे, की शेताला घरात वेगळंच नाव आहे, 'आंब्याखालचं', 'देवाचं', 'वरचं खाचर'? क्षेत्र हेक्टर-आरमध्ये सांगतात, एकर-गुंठ्यांत, की किती बियाणं लागतं त्यावरून? एकाच गटात खाली भात, मध्ये नागली आणि बांधावर वाल असेल तर 'मुख्य पीक' कोणतं, हे बाई कसं ठरवते? जास्त जागेवरून, जास्त पैशांवरून, की घरात खायला लागतं त्यावरून? ड्रॉपडाउनमधला एक शब्द या उत्तरावर अवलंबून आहे.

परवानगीचं आत्ताच ठरवून टाका. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक यांचे फोटो काढायचे नाहीत, माणूस स्वतः पुढे करत असला तरी. आवाज रेकॉर्ड करायचा तर विचारून, आणि कशासाठी ते सोप्या मराठीत सांगून. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झालाय, पण कायदा नसता तरी हे करायचं होतंच. रिपोर्टमध्ये नावं नकोत. छोट्या वाडीत 'पाच भावांपैकी एकटा कसणारा' एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो, तेवढंही सांभाळा. आणि तुम्ही सरकारकडून आलेले नाही, तुमच्याकडून काही मंजूर होणार नाही, हे पहिल्या वाक्यात सांगा. कोणी आशेवर बसायला नको.

टूल्सवर फार वेळ घालवू नका. वही, पेन, पॉवर बँक आणि प्लास्टिकची पिशवी. रोज संध्याकाळी एसटीत बसल्या बसल्या त्या दिवसातल्या तीन आश्चर्याच्या गोष्टी लिहायच्या. ज्या दिवशी एकही आश्चर्य नसेल त्या दिवशी तुम्ही बहुधा आपलंच म्हणणं ऐकून आलात.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी हातात काय हवं? स्क्रीन तर नक्कीच नकोत. एक पान पुरे. सुरुवातीच्या पाच-सहा प्रश्नांना काय उत्तरं मिळाली, कशावरून, कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही, आणि आता पुढे जायचं का. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवांमध्ये डिस्कव्हरीनंतर 'इथेच थांबू' असं म्हणायची रीतसर मुभा असते. तुमच्या पानावरही तो पर्याय असू द्या. कदाचित निघेल असं, की अ‍ॅप ठीक आहे. शेवटची तारीख माणसांपर्यंत वेळेत पोहोचत नाही, आणि बाजाराच्या दिवशी राजूरच्या स्टँडवर एक फलक लावून पेठेतल्या त्या ऑनलाइनवाल्या दुकानदाराला यादी दिली तर जास्त उपयोग होईल. मग प्रोजेक्ट फलकाचा. गाइड विचारतील, 'यात टेक्नॉलॉजी कुठे आहे?' तेव्हा ते एक पान पुढे करायचं आणि त्यांना वाचायला वेळ द्यायचा.

ज्यांच्या ओट्यावर बसलात त्यांनाही ते पान मराठीत वाचून दाखवायला एकदा परत जायचं आहे. 'आमचं हे असं नाय हो' असं म्हणून ते दोन-तीन मुद्दे तिथल्या तिथे दुरुस्त करतील. त्या फेरीचं एसटीचं भाडं बजेटमध्ये आत्ताच धरून ठेवा.